पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन: तारीख ठरल्यापासून पुढच्या महिन्यापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

पित्ताशयाचे ऑपरेशन बहुतेकांचे सुरळीत पार पडते, पण त्याच्या आगेमागे त्याच त्या चुका होत राहतात. कोणी पहाटे दूध घातलेला चहा घेऊन येते आणि ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. कोणी रक्त पातळ करणारी गोळी चालूच ठेवते, तर कोणी ती स्वतःच्या मनाने बंद करते. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. कोणी चौथ्या दिवशी पुन्हा वाढलेली पोटदुखी ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढते.

हा लेख मोठ्या माणसांमध्ये खड्यांमुळे आधी तारीख ठरवून, दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या ऑपरेशनबद्दल आहे. पोट उघडून करावे लागले तर काय बदलते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. तुमच्या सर्जनने किंवा भूलतज्ज्ञांनी वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळा, कारण तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेले असतात.

## सुरुवातीला दोन गैरसमज बाजूला करू

‘फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या.’ खडे हा परिणाम आहे. ते तयार होतात त्या पिशवीतच. पिशवी ठेवली तर खडे पुन्हा धरतात. मूतखड्यासारखे फोडून हे खडे बाहेर काढता येत नाहीत, कारण फुटलेले बारीक तुकडे पित्तनळीत उतरून अडकतात. मग कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज, म्हणजे मूळ त्रासापेक्षा मोठे संकट. तेल आणि लिंबूरस पिऊन खडे ‘पडले’ असे जे सांगितले जाते, त्यात शौचावाटे दिसणारे हिरवट मऊ गोळे त्या तेलाचेच बनलेले असतात. सोनोग्राफीत खडे जागच्या जागी असतात.

‘पित्ताशय गेले की पित्त संपले.’ पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करते. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात थोडे थोडे झिरपत राहते. पचन चालू राहते; फक्त एकदम खूप चरबी खाल्ली तर सुरुवातीचे काही आठवडे ती झेपत नाही. खाण्याचे सगळे नियम यावरूनच ठरतात.

## पायरी १: ऑपरेशन खरोखर हवे का, आणि नळीत खडा नाही ना

सोनोग्राफीत खडे दिसले पण कधीच त्रास झाला नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. त्रास म्हणजे नेमका कोणता? बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखणे, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकणारे, पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाणारे, अनेकदा जड जेवणानंतर किंवा रात्री येणारे. नुसती छातीत जळजळ, ढेकर, पोट फुगणे ही लक्षणे खड्यांची असतीलच असे नाही. ती ऑपरेशननंतरही तशीच राहू शकतात. हे आधी समजून घ्या, म्हणजे नंतर ‘ऑपरेशन करूनही गॅस जात नाही’ अशी निराशा येणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: पित्ताशयातला एखादा खडा घसरून सामाईक पित्तनळीत, म्हणजे यकृत आणि पित्ताशयातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, गेला आहे का? पित्ताशय काढले तरी तो तिथेच राहतो. यासाठी रक्तातील बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि यकृताच्या इतर चाचण्या, तसेच सोनोग्राफीत नळीची रुंदी पाहतात. शंका आली तर एमआरसीपी हा एमआरआयचा प्रकार करतात. खडा दिसला तर तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. त्याला ईआरसीपी म्हणतात. कधी तो पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्येच काढला जातो.

> तपासा: ईआरसीपी करताना नळीत प्लास्टिकचा स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी बारीक नळी) बसवला आहे का, ते विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. तो कायमचा नसतो. शेवटच्या पायरीत त्याच्याकडे परत येऊ.

पित्ताशयाला अचानक सूज आली असेल, म्हणजे ताप, सतत दुखणे, हात लावला तरी कळ येणे असे असेल, तर गणित बदलते. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत ऑपरेशन करणे शक्य असेल तर तेच सहसा बरे पडते. ती वेळ टळली तर सूज उतरेपर्यंत साधारण सहा आठवडे थांबावे लागू शकते. म्हणून अशा दुखण्यात घरी थांबून बघू नका.

## पायरी २: औषधांची यादी, तारीख ठरली त्याच दिवशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘बीपीची एक आणि शुगरची एक’ एवढे सांगून भागत नाही. गोळ्यांची पाकिटे घेऊन जा. प्रत्येकावर नाव आणि डोस असतो. वनौषधींच्या कॅप्सूल, ताकदीच्या पावडरी, झोपेच्या गोळ्या, दर आठवड्याचे इंजेक्शन, सगळे त्यात धरा.

रक्त पातळ करणारी औषधे. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी, वॉरफरीन सुमारे ५ दिवस आधी थांबवतात. अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन यांसारखी औषधे मूत्रपिंडाचे काम पाहून १ ते ३ दिवस आधी. अॅस्पिरिन हृदयरोग्यांत बरेचदा चालूच ठेवतात. हे आकडे तुम्हाला प्रश्न विचारता यावेत म्हणून दिले आहेत, घरी बसून निर्णय घेण्यासाठी नाहीत. हृदयात अलीकडे स्टेंट बसवला असेल तर गोळी अचानक बंद केल्याने स्टेंट बुजून जिवावर बेतू शकते. हृदयाच्या डॉक्टरांकडून तारखेसह लेखी सूचना घ्या: कधी बंद, कधी पुन्हा सुरू. ‘पुन्हा सुरू’ हा भाग विसरला जातो आणि डिस्चार्जनंतर गोळी आठवडाभर तशीच पडून राहते.

मधुमेहाची औषधे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात. उपाशीपोटी या गोळ्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साचते, आणि फसवणूक अशी की तेव्हा साखर जवळजवळ नॉर्मल दिसते. त्यामुळे उलट्या आणि धाप ‘भुलीचा परिणाम’ समजली जाते. अनेक मिश्र गोळ्यांत हे औषध मेटफॉर्मिनसोबत असते, म्हणून ब्रँडचे नाव न पाहता आतला घटक वाचा. इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस किती, तो आकडा लिहूनच घ्या. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने पोट रिकामे व्हायला उशीर लावतात. ती घेत असाल तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या डोसची तारीख सांगा.

रक्तदाबाची औषधे. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी सहसा चुकवायची नसते, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घेतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटातली गोळी मात्र अनेकदा २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलीत दाब फार खाली जाऊ शकतो. दोन्ही ‘बीपीच्याच’ गोळ्या, पण नियम उलटे.

भूलतज्ज्ञांना आणखी चार गोष्टी न विचारता सांगा: कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, आधीच्या भुलीत काही त्रास झाला का (रक्ताच्या नात्यातल्या कोणालाही झाला असेल तरी), झोपेत घोरताना श्वास अडतो का, आणि एखादा दात हलतो का.

## पायरी ३: शेवटचा आठवडा

रक्ताच्या चाचण्या, रक्तगट, ईसीजी, गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे हे सगळे एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा. सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट सर्वांत वर.

सिगारेट जितकी आधी सोडाल तितके चांगले. चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसे आणि जखम दोन्हींना फायदा होतो. शेवटच्या दिवसांत तेलकट, तळलेले, लोण्याचे पदार्थ टाळा. ‘नंतर खाता येणार नाही’ म्हणून आदल्या रात्री मेजवानी झोडणे ही नेहमीची चूक. त्यातून रात्रीच कळ सुटते आणि सुजलेल्या पित्ताशयावर ऑपरेशन करणे अवघड होऊन बसते.

बेंबी. एक छिद्र बेंबीतून किंवा तिच्या काठावरून घेतात, आणि अनेकांच्या बेंबीत घट्ट काळसर मळ साठलेला असतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो नीट निघत नाही आणि जखम चिघळण्याचे एक कारण ठरतो. तीन-चार दिवस आधीपासून रोज अंघोळीआधी बेंबीत दोन थेंब साधे तेल सोडा, दहा मिनिटांनी ओल्या कापसाच्या काडीने हळुवार पुसा, मग साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा. नखाने किंवा पिनेने खरवडू नका.

पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू बसतात. गरज असेल तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात.

घरी आधीच करून ठेवा: पलंगाशेजारी हात पोहोचेल असे टेबल, कमरेपासून वर ठेवलेल्या रोजच्या वस्तू, सैल नाडीचे किंवा बेंबीवर घट्ट न बसणारे कपडे, थर्मामीटर, एक लहान घट्ट उशी. पहिले २४ तास सोबत कोणीतरी मोठे माणूस हवेच.

> सावधान: या आठवड्यात ताप, खोकला, नवी पोटदुखी, डोळे पिवळे होणे किंवा गडद लघवी दिसली तर लगेच कळवा. ‘तारीख जाईल’ म्हणून लपवू नका. कावीळ असेल तर ऑपरेशनआधी नळी तपासावी लागते.

## पायरी ४: उपाशीपोटी म्हणजे नेमके किती तास

भुलीत घशाचे आपोआप होणारे रक्षण बंद पडते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, आणि या ऑपरेशनमध्ये पोट वायूने फुगवलेले असल्याने जठरावर दाबही येतो. म्हणून नियम काटेकोर आहे:

- तेलकट किंवा जड जेवण: ८ तास आधी बंद
- हलके खाणे, दूध, दूध घातलेला चहा किंवा कॉफी: ६ तास आधी बंद
- पाणी, कोरा चहा, गर नसलेला आरपार दिसणारा रस: २ तास आधी बंद

ऑपरेशन सकाळी ८ ला असेल तर हलके खाणे पहाटे २ पर्यंतच चालते; म्हणजे व्यवहारात रात्रीचे साधे जेवण हेच शेवटचे. पाणी पहाटे ६ पर्यंत. हॉस्पिटलने याहून जास्त तास सांगितले असतील तर त्यांचे ऐका.

उलटी चूकही तितकीच होते. दुपारी १२ चे ऑपरेशन, आणि माणूस रात्री ८ पासून पाण्याचा थेंबही न घेता येतो. मग डोके दुखते, नंतर मळमळ वाढते, सलाईनसाठी शीर सापडत नाही. परवानगी असेल तेवढे पाणी जरूर प्या. च्युइंगम आणि तंबाखू मात्र त्या सकाळी नाही.

> तपासा, घर सोडण्याआधी: दागिने, पायातली जोडवी, कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. नखांवर रंग नाही (बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा चुकू शकतो). फाइल, गोळ्या, सैल कपडे घेतले. कवळी असेल तर डबी घेतली.

## पायरी ५: संमतिपत्र आणि थिएटर

संमतिपत्रावर सही करताना तीन गोष्टी वाचा: गरज पडल्यास पोट उघडावे लागेल, पित्तनळीत रंगद्रव्य सोडून तिचा एक्स-रे काढावा लागेल, आणि फार चिकटलेले असेल तर पित्ताशयाचा काही भाग ठेवावा लागेल. दुर्बिणीतून सुरू केलेले ठरवलेले ऑपरेशन उघडे करावे लागण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच किंवा त्याहून कमी असते. सूज असेल तर जास्त. हे सर्जनचे अपयश मानू नका. आत स्पष्ट दिसत नसताना दुर्बिणीचा हट्ट धरणे हेच खरे धोक्याचे.

पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणून एक-दोन दिवस घसा खवखवतो. पोटावर सहसा चार छिद्रे असतात: बेंबीपाशी आणि छातीच्या हाडाखाली साधारण १० मिलिमीटरची, उजव्या बरगड्यांखाली दोन ५ मिलिमीटरची. कार्बन डायऑक्साइड वायूने पोट १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवतात, म्हणजे कॅमेऱ्याला जागा मिळते. डोक्याची बाजू वर करून टेबल डावीकडे कलते करतात, की आतडी आपोआप खाली सरकतात.

यानंतर सगळ्यात जोखमीचा भाग येतो. पित्ताशयाच्या मुळाशी चरबी आणि पडद्याचा गुंता असतो. सर्जन तो हळूहळू सोलून काढतो, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून मोकळा करतो, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, उघड्या आरपार दिसेपर्यंत काहीही कापत नाही. घाईत मुख्य पित्तनळीलाच पित्ताशयाची नळी समजले तर गंभीर इजा होते. ती हजारात साधारण तीन ते पाच जणांना होते, आणि ती टाळण्यासाठीच ही खात्री करतात. खात्री झाली की क्लिपा लावतात आणि मधे कापतात. क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात, पोटात कायम राहतात, आणि पुढे एमआरआय करायला आड येत नाहीत. मोकळे झालेले पित्ताशय पिशवीत घालून एका छिद्रातून बाहेर काढतात.

वेळ साधारण पाऊण ते दीड तास. बाहेर थांबलेल्यांनी भूल देणे आणि शुद्धीवर येणे धरून तीन तास मनात ठेवावेत. उशीर म्हणजे काही बिघडले असे नाही.

## पायरी ६: पहिले २४ तास

जाग आल्यावर छिद्रांपाशी दुखते, हे सगळ्यांना अपेक्षित असते. खांदा दुखतो, बहुधा उजवा, हे मात्र अनपेक्षित असते आणि हृदयाची भीती वाटते. उरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला चिडवतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला दुखणे खांद्यात जाणवते. एक ते तीन दिवसांत जाते. चालल्याने, खांद्यावर कोमट शेक दिल्याने बरे वाटते. पण छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर ते वायूचे दुखणे समजू नका, लगेच सांगा.

क्रम असा: मळमळ नसेल तर काही तासांनी पाण्याचे घोट, मग पातळ पदार्थ, चार ते सहा तासांनी कोणाच्या तरी आधाराने खोलीत चालणे. सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. नाही झाली तर नर्सना सांगा, पोट तुंबेपर्यंत थांबू नका.

पलंगावरून उठण्याची रीत. सरळ पाठीवरून उठून बसू नका, सगळा ताण बेंबीच्या टाक्यावर येतो. गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदमच एका कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच क्षणी कोपराने व हाताने स्वतःला वर ढकला. पाय खाली जातात तसे धड वर येते, पोट वापरावेच लागत नाही. खोकताना, शिंकताना ती लहान उशी पोटावर दाबून धरा. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्या, नाहीतर दुखते म्हणून वरवर श्वास घेतला जातो आणि कफ साठतो.

बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पोट उघडून केले असेल तर तीन ते पाच दिवस लागतात. भुलीनंतर २४ तास वाहन चालवणे, दारू आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या टाळा.

> तपासा, डिस्चार्जआधी: बंद केलेली प्रत्येक गोळी कधी सुरू करायची? टाके विरघळणारे की काढायचे? पित्ताशय तपासणीसाठी पाठवले का, रिपोर्ट कधी? रात्री फोन कुठे करायचा? गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सुगामाडेक्स हे औषध भुलीत दिले होते का ते विचारा. दिले असल्यास सात दिवस निरोध वापरा, कारण ते गोळ्यांचा परिणाम कमी करते.

## पायरी ७: घरी वेदना आणि जखमा

पहिले दोन दिवस वेदनाशामक घड्याळाप्रमाणे घ्या. ‘दुखलेच तर घेईन’ असे ठरवले तर दुखणे पुढे जाते आणि गोळी मागे पडते. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. वजन ५० किलोंहून कमी किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढेच. लक्षात न येणारी चूक म्हणजे सर्दीची किंवा मिश्र वेदनाशामक गोळीही सोबत घेणे. तिच्यातही पॅरासिटामॉल असते आणि दुप्पट डोस होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. जोर लावायची वेळ येण्याआधीच शौच मऊ करणारे औषध मागून घ्या.

जखमा पहिले २४ ते ४८ तास कोरड्या ठेवा. नंतर अंगावरून पाणी घेऊन अंघोळ चालते, पण जखम चोळू नका, टिपून कोरडी करा. टबमध्ये बसणे, पोहणे दोन आठवडे नाही. जखमेवर लावलेला चिकट थर आपोआप निघतो, सोलू नका. हळद, पावडर, तेल काहीही लावू नका. बेंबीभोवती निळसर डाग, टाक्याखाली कडक गाठीसारखा कंगोरा, किंचित गुलाबी ओल हे चालते. कंगोरा जायला काही आठवडे लागतात.

पोटात साठणारा द्रव बाहेर काढणारी नळी (ड्रेन) लावून घरी पाठवले असेल तर रोज एकाच वेळी किती मिलिलिटर आले ते लिहा. लालसर, मग फिकट पाण्यासारखे होत जाणे ठीक. हिरवे किंवा गडद पिवळे आले तर ते पित्त आहे. त्याच दिवशी कळवा.

## पायरी ८: खाणे, शून्य चरबीही नको आणि एकदम भरपूरही नको

पहिल्या दिवशी पातळ आणि मऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधे अन्न, पण थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. तळलेले, लोणी, साय, चीज, चरबीचे मांस दोन ते चार आठवडे टाळा. मग एका वेळी एकच पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोट काय म्हणते ते पाहा. एकाच जेवणात तीन गोष्टी सुरू केल्या तर कोणत्या पदार्थाने बिघडले ते कळत नाही.

आयुष्यभर तेल बंद करण्याची गरज नाही. थोडी चरबी लागते, ती तीन जेवणांत वाटून घ्या.

काही जणांना जेवणानंतर लगेच पातळ शौचाला जावे लागते. कारण पित्त सतत आतड्यात उतरते आणि मोठ्या आतड्याला चिडवते. कॉफी, फार तिखट, एकदम जड जेवण कमी करा; ओट्स, केळे, सफरचंद यांतला विरघळणारा चोथा हळूहळू वाढवा. बहुतेकांचे काही आठवड्यांत सुधारते. तीन-चार आठवड्यांनंतरही रोज होत असेल तर सहन करत बसू नका. पित्त बांधून ठेवणारे कोलेस्टिरामाइनसारखे औषध यावर चांगले काम करते.

## पायरी ९: चालणे, उचलणे, कामावर जाणे

चालणे पहिल्या दिवसापासून, रोज थोडे जास्त. दिवसभर पडून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जिने चढता येतात, सावकाश.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकांना एकदम बरे वाटते, आणि गडबड इथेच होते. पोटाची कातडी सांधलेली दिसते, पण खालचा स्नायूवरचा मजबूत पडदा जुळायला आठवडे लागतात. दोन ते चार आठवडे ४-५ किलोंपेक्षा जास्त उचलू नका. पाण्याची भरलेली बादली, उचलून घेतलेले मूल, गॅसची टाकी हे सगळे त्यात येते. पोट उघडून केले असेल तर सहा ते आठ आठवडे. नाही ऐकले तर बेंबीपाशी हर्निया होऊ शकतो, आणि त्याला दुसरे ऑपरेशन लागते.

बसून करायचे काम साधारण एका आठवड्यात, अंगमेहनतीचे चार आठवड्यांच्या आसपास. गाडी चालवण्याआधी बंद गाडीत बसून जोरात ब्रेक दाबून पाहा. पोटात कळ आली, किंवा गुंगी आणणारी गोळी चालू असेल, तर अजून वेळ आहे.

## पायरी १०: रोजची एकच परीक्षा

दर दिवस आदल्या दिवसापेक्षा थोडा बरा असायला हवा. पित्तगळती, नळीत राहिलेला खडा, आतला संसर्ग यांची सुरुवात बहुधा अशीच होते: दोन-तीन दिवस सुधारणा, मग गाडी उलटी फिरते. पित्तगळती बहुतेक पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत, म्हणजे घरी आल्यावर उघडकीला येते. म्हणून घरच्यांनाही ही यादी माहीत हवी. यातले काहीही दिसले तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा:

- ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, थंडी वाजणे
- दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, पोट टम्म फुगणे
- डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौच पांढुरके, अंगाला खाज
- न थांबणाऱ्या उलट्या. पाणीही न टिकणे
- जखमेतून पू, पसरत जाणारी लाली, सतत रक्त

एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक धाप लागणे, छातीत दुखणे असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.

> सावधान: या काळात कोणी ‘पित्त झालंय’ म्हणून आम्लपित्ताची गोळी देऊ केली तर ती घेऊन झोपू नका. आधी थर्मामीटर लावा आणि उजेडात आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा.

## पायरी ११: रिपोर्ट, स्टेंट आणि फाइल

काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते, आणि त्याचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो. बहुतेक वेळा त्यात फक्त जुनी सूज आणि खडे असतात. क्वचित कर्करोगाची सुरुवात याच रिपोर्टमध्ये प्रथम कळते, आणि तेव्हा पुढचे उपचार वेळेत करण्यावर सगळे अवलंबून असते. खडे बाटलीत घालून घरी आणायला लोक विसरत नाहीत, हा कागद आणायला विसरतात. फॉलोअपला जाताना तो हातात हवा, आणि डॉक्टरांनी तो वाचला याची खात्री करा.

पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट असेल तर तो साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. त्रास होत नाही म्हणून तो राहून जातो, मग आत गाळ धरून बुजतो आणि तापासह कावीळ होते. काढण्याची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनवर आठवण लावा.

ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचा रिपोर्ट यांचे फोटो काढून ठेवा. पुढे कधीही पोटाची सोनोग्राफी करायची झाली तर ‘पित्ताशय काढलेले आहे’ हे सुरुवातीलाच सांगा. पित्ताशय नसलेल्या माणसात सामाईक पित्तनळी जराशी रुंद दिसू शकते. त्रास नसेल आणि यकृताच्या चाचण्या नॉर्मल असतील, तर तेवढ्या रुंदीचा अर्थ खडा असा होत नाही.